नऊ खांदे, सात मिनिटं

“घार आली गं, पिल्लं झाका,” ठुमलीआजी ओरडली. कोंबडीच्या पिल्लांवर टोपली पालथी घालून तिने हातात दगड घेतला.

“घार नाही आजी, सरकार आहे,” मी म्हणाले. “दगड ठेव खाली.”

तिने ठेवला, पण पायाजवळच.

चार पंख्यांचं ते ड्रोन भुणभुणत केलीमाळाच्या पटांगणात उतरलं. त्याच्या वाऱ्याने मांडवाची झालर उडाली, ‘आकाशसेतू’ लिहिलेला फलक उलटा झाला आणि वाळत घातलेली मोहाची फुलं पटांगणभर पसरली. बायका फुलं गोळा करायला धावल्या. फोटोवाल्याला वाटलं, त्या स्वागताला धावल्या. त्याने फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी पेपरात तोच आला.

टेंभेकर साहेबांचं यातल्या कशाकडेच लक्ष नव्हतं. आकाशसेतू योजनेचे ते जिल्ह्याचे प्रमुख. त्यांच्या मनगटावर एक काळं घड्याळ होतं. ते त्यांची पावलं मोजायचं, झोप मोजायचं, छातीचे ठोके मोजायचं. साहेब त्याच्याकडे अशा मायेने बघायचे की बघणाऱ्याला वाटावं, कोणी तान्हं निजलंय तिथे.

“सात मिनिटं चाळीस सेकंद,” ते म्हणाले. “सिस्टर, लिहून घ्या. बोरझिरी ते केलीमाळ. चाळीस सेकंद सोडा, सातच लिहा. सात लोकांच्या लक्षात राहतं.”

मी वहीत सात लिहिलं.

ड्रोनच्या पोटातला डबा उघडला. त्यात लोहाच्या गोळ्या निघाल्या, हातमोज्यांचं एक खोकं निघालं आणि एक पुष्पगुच्छ निघाला. साहेबांच्या कार्यालयाने साहेबांनाच पाठवलेला. साहेबांनी तो दोन्ही हातांनी स्वीकारला आणि त्यांना भरून आलं.

याला सहा वर्षं झाली. महाराष्ट्राचा नकाशा वरच्या अंगाला जिथे संपतो, तिथे सातपुड्याच्या दोन सोंडा समोरासमोर बसल्यात. एकीवर बोरझिरी, एकीवर केलीमाळ. बोरझिरीला डांबरी रस्ता येतो, तिथे दवाखाना आहे, तिथे मी नर्स होते. समोरच्या केलीमाळात सकाळी चूल पेटली की मला दारातून धूर दिसायचा. होळीला तिथे ढोल वाजला की बोरझिरीच्या पोरींचे पाय इथे ताल धरायचे. धुराला आणि ढोलाला मधली दरी आडवी येत नव्हती. येत होती ती माणसाला. त्याने एक अख्खा डोंगर उतरायचा, नदी ओलांडायची आणि दुसरा अख्खा डोंगर चढायचा.

मध्य प्रदेशातून नव्वद किलोमीटर वळसा घालून जीपचा एक माग केलीमाळावर यायचा, तोही उन्हाळ्यापुरता आणि साहेबांपुरता. गावात जीप कोणाकडेच नव्हती. गावाकडे झोळी होती. जाड बांबूला घोंगडी बांधायची, आजारी माणूस तिच्यात घालायचा, पुढे दोघं, मागे दोघं. चौघं दमले की दुसरे चौघं खांदा देणार. खांदा बदलायच्या जागा आजोबा-पणजोबांपासून ठरलेल्या. म्हणून तिथे अंतर कोसात नाही, किलोमीटरमध्ये नाही, खांद्यात मोजतात. केलीमाळ ते बोरझिरी, नऊ खांदे.

झोळीवाल्यांचा म्होरक्या सायसिंगबाबा. साठी उलटलेला, काटकुळा, दोन्ही खांद्यांवर बैलासारखा घट्टा. कार्यक्रम संपता संपता तो साहेबांसमोर येऊन उभा राहिला. पावरा आदिवासी माणूस देवालाही तू म्हणतो, त्यामुळे साहेबांनाही तूच म्हणाला.

“तुझं पाखरू चांगलं आहे,” तो म्हणाला. “आता माझी खोली बघायला चल.”

“कसली खोली?” साहेबांनी मला विचारलं.

“सर, तो उपकेंद्राचा प्रस्ताव आहे ना,” मी म्हणाले. “कायमची नर्स इथेच राहणार, बाळंतपणाची सोय इथेच होणार. जवळच्या दवाखान्यापर्यंत प्रवासाचा वेळ तासाच्या वर असेल तर नर्स मिळते. तक्ता तुमच्याकडे आलाय. तेवढा एक रकाना भरायचा राहिलाय.”

“भरू की,” साहेब म्हणाले.

सायसिंगबाबाने खोली केव्हाच तयार केली होती. भिंती सारवलेल्या, दाराला नवी फळी, मधे सागाची नवी खाट. खाटेची दोरी तो स्वतः वळत होता. उंबऱ्यावर त्याची सून रेशमी बसली होती, सातवा महिना, पाय सुजलेले. नवरा गुजरातेत ऊसतोडीला. पहिलं मूल तिचं झोळीतच गेलं होतं, पाचव्या खांद्याला.

“बाई,” तिने मला हळूच विचारलं, “ते पाखरू मला नेईल का?”

“ते दोन किलो नेतं गं.”

“मग माझं बाळ नेईल,” ती म्हणाली आणि हसली. तिला हसताना खालचा ओठ दातात धरायची सवय होती. “मी मागून चालत येते.”

साहेबांनी खोलीत डोकावून “छान, छान” म्हटलं. दोरी बोटाने दाबून बघितली. फोटोवाल्याने तोही फोटो घेतला. मग जीप फोटोवाल्याला घेऊन निघून गेली. फोटो बारा वाजेपर्यंत जिल्ह्याला पोचायला हवे होते आणि मोबाईलची रेंज सहा किलोमीटरवरच्या टेकडीवर लागायची. फोटो पोचले. जीप परत येताना ओढ्यात बसली आणि तिचा पाटा तुटला. एका गुराख्याने निरोप आणला, उद्या नाहीतर परवा.

तोपर्यंत साहेब पडले होते. ड्रोन हातात धरून एक शेवटचा फोटो मीच माझ्या मोबाईलवर घ्यावा, अशी त्यांची इच्छा होती. पाठीमागे दरी दिसावी म्हणून ते दोन पावलं मागे सरकले. पायाखाली मोहाची फुलं होती, त्यांच्याच ड्रोनने पसरलेली. ड्रोन त्यांनी वर धरलं, ते वाचलं. घोटा वाचला नाही. बघता बघता भोपळ्यासारखा सुजला.

“हाड असेल सर,” मी म्हणाले. “फोटो काढावा लागेल. एक्स-रे.”

“मग जीप.”

“जीप परवा.”

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. सायसिंगबाबा उकिडवा बसून त्यांचा पाय बघत होता.

“पाखराला सांग ना,” तो म्हणाला. “सात मिनिटांत नेईल.”

“बाबा, त्याची क्षमता दोन किलोची आहे,” साहेब कण्हत म्हणाले.

“आणि तू?”

“ब्याण्णव.”

सायसिंगबाबाने मागे वळून आपल्या माणसांना त्यांच्या बोलीत आकडा सांगितला. एकाने घोंगडी पुन्हा एकदा ओढून बघितली. मग नेहमी आठ जण जातात तिथे बारा निघाले.

सकाळचे साडेअकरा वाजले होते. मी चालत होतेच, साहेब झोळीत होते.

पहिल्या खांद्याला गाणं सुरू झालं. पावलं एकत्र पडावीत म्हणून ते गातात, प्रत्येक खांद्याची एक ओळ. त्यांच्या बोलीतलं ते गाणं मी चार वर्षं ऐकत होते. माझी आई जात्यावर ओव्या गायची, त्या चालीत ते माझ्या मनात कधी मराठी होऊन बसलं, कळलंच नाही.

*पहिला खांदा सागाचा, पानं वाजती पायी*
*दुसरा खांदा झिऱ्याचा, ओंजळ पिऊन जाई*

“काय म्हणतायत?” झोळीतून प्रश्न आला.

“रस्ता सांगतायत सर.”

“किती अंतर आहे एकूण?”

“नऊ खांदे,” पुढून सायसिंगबाबा म्हणाला.

“किलोमीटरमध्ये सांगा.”

“ते तू सांग. तुझं घड्याळ मोजतं ना?”

घड्याळ मोजत होतं. सकाळपासून साहेबांची दोनशे दहा पावलं झाली होती, ती तेवढीच राहिली. तिसऱ्या खांद्याला, जिथे कडा इतका उभा आहे की पुढचे दोघं बसून घसरत उतरतात, तिथे घड्याळ टुंग करून वाजलं. साहेबांनी मनगट वर करून वाचलं आणि खाली केलं.

“काय म्हणतंय सर?”

“काही नाही.”

“सांग ना,” सायसिंगबाबा म्हणाला.

“तुम्ही फार वेळ बसून आहात,” साहेबांनी वाचून दाखवलं. “उठा, थोडं चाला.”

मी ते झोळीवाल्यांना समजावून सांगितलं. बारा माणसं कड्यावर, ब्याण्णव किलो खांद्यावर घेऊन, हसायला लागली. झोळी इतकी हलली की साहेबांनी डोळे मिटून घेतले.

चौथा खांदा नदीचा. गुडघाभर पाण्यात दगड हिरवे, निसरडे. झोळीचा तळ भिजला आणि त्याबरोबर साहेबही. पाचव्या खांद्याला झोळीवाले गात नाहीत. रेशमीचं पहिलं मूल तिथेच गेलं होतं. सायसिंगबाबाने वाळूतल्या एका दगडाला पायाने जरा सरळ केलं आणि आम्ही पुढे निघालो.

सहावा खांदा चढाचा. पुढच्यांच्या मानेच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या होत्या. एकाच्या खांद्याची साल निघाली होती, त्याने तिथे पानं दाबून फडकं बांधलं. झोळीतल्या माणसाला यातलं काही दिसत नाही. त्याला फक्त आभाळ दिसतं. पण ऐकू येतं. माणसाचा श्वास फाटताना कसा वाजतो, ते साहेबांनी त्या चढावर तासभर ऐकलं.

“सिस्टर,” ते म्हणाले. आवाज ओला होता. “बाळंतीण बाईला असंच आणतात?”

“हो सर. सात तास.”

“पावसातही?”

“पावसात नदीला पाणी असतं. मग नाही आणत.”

साहेबांनी झोळीचा काठ धरला. मग म्हणाले, “मी लिहीन. सात तास. तो रकाना मी माझ्या हाताने भरीन.”

सायसिंगबाबा थांबला. तिथे थांबायची जागा नव्हती, चढाच्या मध्यावर कोणीच थांबत नाही. पण तो थांबला, म्हणून बाकीचे थांबले.

“परत बोल,” तो म्हणाला.

“सात तास लिहीन, बाबा. शब्द आहे माझा.”

सायसिंगबाबाने ते मागच्यांना सांगितलं. त्यांनी त्यांच्या मागच्यांना. मग गाणं परत सुरू झालं, आणि त्यानंतर झोळी अशी चालली की मला धावावं लागलं.

*सातवा खांदा मोहाचा, फुलं वेच गं बाई*

त्या मोहाखाली सायसिंगबाबाने आपल्या भोपळ्याच्या तुंब्यातलं पाणी आधी साहेबांना पाजलं. साहेबांनी त्याचा हात धरला. मला तेव्हा खरंच वाटलं, या देशात काहीतरी बदलतं.

आठवा खांदा वाऱ्याचा, नववा गावाचा. साडेसहाला, दिवस मावळायच्या आत आम्ही बोरझिरीच्या दवाखान्यात होतो. निघताना सायसिंगबाबा म्हणाला, “सिस्टर, खाटेची दोरी उरलीय, ती मी उद्या संपवतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या पायाला प्लास्टर होतं आणि तोंडावर तजेला होता. जिल्ह्याहून फोनवर फोन आले होते. मोठ्या लोकांनी ‘सात मिनिटं’ असं म्हणून त्यांचं अभिनंदन केलं होतं. पेपर आला. पहिल्या पानावर मोहाची फुलं गोळा करणाऱ्या बायका धावत होत्या आणि वर मोठ्या अक्षरांत होतं, दोन दुर्गम गावं सात मिनिटांवर.

साहेबांनी तक्ता मागवला. गाडी तयार होती, ते निघणार होते.

“सिस्टर, हा रकाना,” ते म्हणाले. “प्रवासाचा वेळ. आता बघा, पेपरात सात मिनिटं आणि तक्त्यात सात तास, असं कसं दिसेल? विरोधाभास दिसेल.”

“सर, पण काल तुम्ही...”

“काल मला ताप होता.” मग मऊ आवाजात, “आणि हे खोटं नाही. नीट वाचा. प्रवासाचा वेळ एवढंच विचारलंय. कोणाचा प्रवास, ते विचारलेलं नाही.”

मी तक्ता वाचला. खरंच विचारलेलं नव्हतं.

“तुम्हीच लिहा,” साहेब म्हणाले. “तुमचं अक्षर चांगलं आहे.”

मोडला होता तो पाय. हात ठणठणीत होता. पुष्पगुच्छ त्याच हातात होता.

मी पेन उघडलं नाही. साहेबांनी घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. “तुमचा बदलीचा अर्ज आहे ना? शिरपूरला? मुलगा दहावीला आहे म्हणालात. माझ्या शिफारशीने जातो तो कागद. मी आजच बघतो.”

मुलगा दहावीला होता. चार वर्षं तो सासूबाईंकडे होता आणि फोनवर मला “तुम्ही” म्हणायला लागला होता.

मी लिहिलं. सात मिनिटं. अक्षर चांगलं आलं.

तीन आठवड्यांत बदलीचा हुकूम आला. माझी पेटी बसवर चढवताना समोरच्या डोंगरावर धूर दिसत होता. रेशमीचे दिवस भरत आले असतील, असं मनात आलं. शिरपूरला गेल्यावर मी कधी कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर कोणीही सांगितलं असतं. मुलगा दहावी पास झाला, परत “तू” म्हणायला लागला. साहेबांना त्या वर्षी राज्याचा पुरस्कार मिळाला. ड्रोन दोनदा उडालं, तिसऱ्यांदा कोणी त्याच्या बॅटरीवर टॉर्च लावला म्हणतात.

यंदा जूनमध्ये बोरझिरीच्या आश्रमशाळेत मुलांच्या तपासणीला आमचं पथक गेलं. मी पहिलीच्या मुलांची वजनं घेत होते. शेजारच्या टेबलावर प्रवेश चालू होते आणि कारकून एका म्हाताऱ्याला समजावत होता.

“बाबा, वसतिगृह लांबच्या मुलांसाठी आहे. एक तासाच्या पुढे. केलीमाळ इथे कॉम्प्युटरवर सात मिनिटं दाखवतंय. पोरीला रोज घरून पाठवा.”

खांद्यावरचा घट्टा मी आधी ओळखला, चेहरा नंतर. त्यानेही मला बघितलं.

“बैसाणे सिस्टर,” सायसिंगबाबा म्हणाला. “म्हातारी झाली तू.”

त्याच्या मागे लाल रिबिनी बांधलेली एक पोर उभी होती. खालचा ओठ तिने दातात धरला होता.

“रेशमीची?” मी विचारलं.

“रेशमीची.”

“नाव काय गं तुझं?”

“मिनिटी,” ती म्हणाली.

तिथे मूल जन्मतं तेव्हा जे गाजत असतं त्याचं नाव मुलाला देतात. बुधवार तर बुध्या, जत्रा तर जात्री, कलेक्टर येऊन गेले तर कलेक्टर. त्या साली सगळीकडे एकच गोष्ट गाजत होती.

“नर्स आली नाही कधी,” सायसिंगबाबा सहज सांगावं तसं म्हणाला. “मास्तरने तो कागद आम्हाला वाचून दाखवला. अक्षर बघून म्हणाला, ही तर आपली सिस्टर. खाट आहे अजून. तिच्यावर आता मका वाळवतो.” मग त्याने कारकुनाच्या हातातला प्रवेशाचा अर्ज घेऊन माझ्यासमोर ठेवला. “इथे अंतर लिहायचं आहे. मी सांगितलेलं हा ऐकत नाही. तुझं लिहिलेलं सरकार ऐकतं. लिही.”

त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

मी रकान्यात लिहिलं, नऊ खांदे. पुढे लिहिलं, पायी सात तास.

कारकुनाने अर्ज उलटासुलटा केला. “मॅडम, खांदे म्हणजे काय? हे एकक आमच्याकडे नाही.”

“मला येतं,” मिनिटी म्हणाली. तिला वाटलं, शाळेत परीक्षा घेतायत. ती ताठ उभी राहिली, उजव्या हाताची बोटं पसरली आणि एकेक मिटत गायला लागली. सागाचा झाला, झिऱ्याचा झाला, कड्याचा झाला, नदीचा झाला. पाचव्याला ती गप्प राहिली, नुसतं बोट मिटलं. मग दुसरा हात पुढे केला. चढाचा झाला. मी मनात तिच्याबरोबर गात होते, ओळी मला पाठ होत्या.

*सातवा खांदा मोहाचा, तिथं निजली आई*

माझी ओळ चुकली. तिची बरोबर होती. मिनिटी अडखळली नाही, आईची ती ओळ तिच्यासाठी वाऱ्याच्या आधीची ओळ होती, एवढंच. आठवा झाला, नववा झाला. एक बोट उरलं. ते तिने कारकुनासमोर तसंच उभं धरलं, शिकवलेलं सगळं म्हणून झालं की मुलं उभी राहतात तशी.

“छान म्हणते,” कारकून म्हणाला. त्याला तिची बोली समजली नव्हती. “पण मॅडम, कॉम्प्युटरच्या विरुद्ध जायचं तर खाली कोणाचीतरी सही लागेल. जबाबदार माणसाची.”

सायसिंगबाबाने पेन उचललं आणि माझ्या हातात दिलं.